पासवर्ड राहू द्या, प्रश्न बंद करा

विंडोज ९५ ज्यांनी वापरलं आहे त्यांना सुरुवातीची ती राखाडी चौकट आठवत असेल. ती नाव विचारायची, पासवर्ड विचारायची आणि तिच्यातच 'कॅन्सल' नावाचं एक बटण असायचं. ते दाबलं, किंवा कीबोर्डच्या कोपऱ्यातली एस्केप की दाबली, की चौकट निमूट बाजूला व्हायची आणि डेस्कटॉप समोर यायचा. सगळ्या फायली, सगळे प्रोग्राम जागच्या जागी. पासवर्ड विचारायचा आणि उत्तर न घेताच आत सोडायचं, हा प्रकार तेव्हा अनेकांना विनोदी वाटायचा. पण त्या चौकटीवर संगणक राखायची जबाबदारी कुणी टाकलेलीच नव्हती. ऑफिसच्या नेटवर्कला तुमची ओळख पटवायची आणि एकाच संगणकावर दोघंतिघं बसत असतील तर ज्याचे त्याचे रंग, ज्याची त्याची मांडणी लावून द्यायची, एवढंच तिचं काम. नेटवर्क नसलेल्या घरात तिला कामच नव्हतं.

आता तीस वर्षांनंतर घरच्या संगणकाचा तो प्रश्न कॅन्सल करता येत नाही. म्हणून घरोघरी एक वेगळीच मागणी ऐकू येते. संगणक दुरुस्त करायला आलेल्या मुलाला चहा देता देता आजोबा सांगतात, "अरे, तेवढा तो पासवर्ड काढून टाक बाबा, रोज चुकतो." मुलगा दोन मिनिटांत काढून देतो आणि जातो. त्या दोन मिनिटांत त्याने नेमकं काय केलं हे आजोबांना ठाऊक नसतं, पुष्कळदा त्या मुलालाही नसतं. कारण 'पासवर्ड काढणं' या एकाच बोलीखाली दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी येतात. एकीत पासवर्ड जागेवर राहतो, फक्त सुरू होताना संगणक तो विचारत नाही. दुसरीत पासवर्डच नाहीसा होतो. दारातून दोन्ही सारखीच दिसतात: बटण दाबलं, डेस्कटॉप आला. फरक आत गेल्यावर कळतो, आणि तो लहान नाही.

हा प्रश्न मुळात आला कुठून, ते आधी पाहू. संगणकावरच्या पासवर्डचं श्रेय सहसा अमेरिकेतल्या एमआयटीच्या फर्नांडो कॉर्बाटो यांना दिलं जातं. १९६१मध्ये त्यांच्या गटाने 'सीटीएसएस' ही प्रणाली दाखवली. एकच भलामोठा संगणक, आणि वेगवेगळ्या टर्मिनलवर बसून अनेकजण तो एकाच वेळी वापरताहेत, अशी ती सोय होती. माणसं अनेक आणि यंत्र एक, त्यामुळे कुणाच्या फायली कुठल्या आणि कुणी किती वेळ यंत्र वापरलं याचा हिशेब ठेवणं भाग होतं. पासवर्ड त्या हिशेबाची सोय म्हणून आला. आणि तो आल्याबरोबर फुटलाही. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे, ते त्याला पुरत नव्हते. १९६२मध्ये त्याने पासवर्डची अख्खी फाइल छापून मागवली, यंत्राने ती मुकाट छापून दिली आणि शेर दुसऱ्यांच्या नावावर काम करू लागला. हे त्याने स्वतःच पुढे अनेक वर्षांनी सांगितलं. १९६६मध्ये तर आणखी मजा झाली. प्रणाली सांभाळणारे दोघे एकाच वेळी दोन वेगळ्या फायली दुरुस्त करत होते, तात्पुरत्या फायलींची नावं एकच पडली आणि अदलाबदल झाली. त्या दिवशी जो जो आत आला त्याला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी वाचायला मिळाली. हा किस्सा कॉर्बाटो यांनी १९९०चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात सांगितला आहे.

तेव्हा पासवर्ड जन्मला तो सामाईक यंत्रासाठी. एका घरात, एका टेबलावर, एकच माणूस वापरत असलेल्या यंत्राला तो विचारायचा असेल तर त्यासाठी वेगळं कारण हवं. घरच्या संगणकाला ते कारण बराच काळ नव्हतं, आणि तरीही प्रश्न आला. तो आला ऑफिसमधून.

मायक्रोसॉफ्टने १९९३मध्ये विंडोज एनटी ही दुसरी शाखा काढली, ती कंपन्यांसाठी. तिथे कॅन्सल नव्हतं. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्याशिवाय पासवर्डची चौकटही यायची नाही. ही तीन कळांची युक्ती मुळात आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू करायला काढलेली. एनटीने ती घेतली, कारण हा दाब थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडेच जातो, मधला कुठलाही साधा प्रोग्राम तो अडवू शकत नाही. म्हणजे कुणी हुबेहूब खोटी चौकट रंगवून तुमचा पासवर्ड पळवायला बसला असेल तर या तीन कळांनी त्याचं बिंग फुटतं. यासाठी एकच बटण हवं होतं, तीन कळा ठेवणं ही चूक झाली, असं बिल गेट्स २०१३मध्ये हार्वर्डमध्ये म्हणाले. पण तोवर जगाची बोटं वळली होती.

२००१मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने ही ऑफिसची शाखा घरात आणली. आत सगळी एनटीची यंत्रणा, बाहेर मात्र फुटबॉल, बदक, बुद्धिबळाच्या सोंगट्या अशी चित्रं लावलेला स्वागताचा पडदा. नाव टिचकवलं की आत. संगणक मांडताना घरच्यांची नावं विचारली जायची आणि त्या सगळ्यांची खाती पूर्ण अधिकाराची, बिनपासवर्डाची तयार व्हायची. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या संगणकांवर 'ॲडमिन' किंवा 'यूझर' नावाचं एकच कोरं खातं असायचं, ते याच परंपरेतलं.

कोऱ्या खात्याला एक्सपीने एक अट मात्र घातली, आणि ती आजही आहे. ज्या खात्याला पासवर्ड नाही ते खातं फक्त समोर बसून वापरता येतं. नेटवर्कवरून, दुसऱ्या संगणकावरून त्या खात्याने आत येता येत नाही. यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो: बाहेरून येणाऱ्या धोक्यापुरतं बोलायचं तर '१२३४' असा पासवर्ड ठेवण्यापेक्षा काहीच न ठेवलेलं बरं. पोकळ पासवर्डाने बाहेरचा दरवाजा उघडतो, तो कोऱ्या खात्याला बंदच असतो. हे वाचून कुणी आपला पासवर्ड पुसायला धावू नये, कारण पुढची गोष्ट अजून यायची आहे.

पासवर्ड पुसून टाकला की काय काय होतं? पहिला फटका गैरसोयीचा. वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून खालच्या संगणकातला फोटोंचा फोल्डर उघडायला गेलात की विंडोज नकार देतं, आणि कारण असं काही सांगतं की वायर तपासण्यात दुपार जाते. रिमोट डेस्कटॉप चालत नाही. ठरलेल्या वेळी आपोआप चालावं म्हणून लावलेलं बॅकअपचं काम त्या खात्याच्या नावाने चालत नाही.

दुसरा फटका गंभीर आहे. आतले बरेच दरवाजे याच पासवर्डावर टेकलेले असतात. क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पाहायचे म्हटलं की क्रोम आधी विंडोजचा पासवर्ड किंवा पिन विचारतो. खात्याला पासवर्डच नसेल तर विचारणार काय? कुणीही बसावं, सेटिंगमध्ये जावं, डोळ्याचं चिन्ह दाबावं आणि ईमेलपासून वीजबिलापर्यंतचे सगळे पासवर्ड वाचावेत. तसंच विंडोज आणि एल या दोन कळांचं. पाहुणे आले, उठून जायचंय, पडदा बंद करायचाय, म्हणून या कळा दाबल्या तर पडदा बंद होतो खरा, पण कोऱ्या खात्यावर तो एका टिचकीने कुणालाही उघडतो.

पासवर्ड जागेवर ठेवून फक्त सुरुवातीचा प्रश्न बंद केला तर यातलं काहीच घडत नाही. सकाळी बटण दाबलं की थेट डेस्कटॉप. पण क्रोम विचारेल, विंडोज-एल दाबल्यावर पडदा विचारेल, वरच्या खोलीतला लॅपटॉप नाव-पासवर्ड देऊन फोल्डर उघडू शकेल. कुलूप काढून फेकणं आणि कुलूप ठेवून किल्ली त्यालाच लावून ठेवणं यात जो फरक आहे, तोच हा. दुसऱ्या प्रकारात हवं तेव्हा किल्ली काढून खिशात घालता येते.

किल्ली लावून ठेवायची म्हणजे पासवर्ड संगणकातच कुठेतरी लिहून ठेवणं आलं, कारण दर वेळी विंडोज तो स्वतःच स्वतःला देणार. कुठे लिहिला जातो, हे तुम्ही कुठल्या वाटेने गेलात त्यावर ठरतं. जुन्या सल्ल्यांत रजिस्ट्री उघडून 'ऑटोॲडमिनलॉगऑन'ची किंमत १ करा आणि 'डिफॉल्टपासवर्ड'समोर आपला पासवर्ड लिहा, असं सांगितलेलं असतं. चालतं ते, पण असा लिहिलेला पासवर्ड साध्या अक्षरांत पडून राहतो, रजिस्ट्री उघडणाऱ्याला सरळ वाचता येतो. ही वाट सोडा. विंडोजची स्वतःची चौकट वापरली, तर तोच पासवर्ड सिस्टिमच्या गुप्त कप्प्यात, कूट करून ठेवला जातो. तोही अभेद्य नव्हे; पूर्ण अधिकाराचं खातं हाती असलेला जाणकार तो काढू शकतो. पण रस्त्यावर पाटी लावण्याइतकं ते उघडं नाही.

ती चौकट अशी उघडायची. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा. 'रन'ची लहान पट्टी येईल. तिच्यात एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ अक्षरं सलग लिहा आणि एंटर दाबा. खात्यांची यादी येईल आणि तिच्या वर एक ओळ असेल: 'यूझर्स मस्ट एंटर अ यूझर नेम अँड पासवर्ड टू यूज धिस कॉम्प्युटर'. ज्या खात्याने थेट आत जायचंय ते निवडा, त्या ओळीसमोरची खूण काढा, 'अप्लाय' दाबा. पासवर्ड दोनदा विचारला जाईल. तो द्या आणि संगणक एकदा बंद करून सुरू करा.

इथे दोन ठिकाणी माणसं हमखास अडखळतात. एक, पासवर्डाच्या जागी ती पिन टाकतात. रोज पिननेच आत जायची सवय, खरा पासवर्ड कधीचा विसरलेला. चौकटीला हवा असतो खात्याचा पासवर्ड, आणि गंमत म्हणजे तुम्ही लिहिलेला बरोबर आहे की चूक हे ती तिथल्या तिथे तपासत नाही. दोन्ही वेळा सारखं लिहिलंत एवढंच बघते आणि 'ओके' म्हणते. चूक कळते ती पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर, 'पासवर्ड इनकरेक्ट' म्हणून. पुढेमागे खात्याचा पासवर्ड बदललात तरी हेच होईल, कारण कप्प्यात जुनाच पडलेला असतो. तेव्हा हे सगळं पुन्हा करायचं.

दुसरी अडचण म्हणजे ती ओळ दिसतच नाही. विंडोज १०च्या २०२०च्या आवृत्तीपासून ती पुष्कळ संगणकांवर लपवली गेली आहे. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', तिथे 'साइन-इन ऑप्शन्स'. त्यात मायक्रोसॉफ्ट खात्यांना फक्त विंडोज हॅलोनेच, म्हणजे पिन किंवा बोटाच्या ठशासारख्या खुणेनेच, आत येऊ द्यावं अशा अर्थाचा एक खटका असतो. तो बंद केला, चौकट बंद करून परत उघडली, की ओळ बहुधा परत येते. नाहीच आली तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोलॉगऑन' हे छोटं साधन उतरवून घ्यावं. नाव, पासवर्ड, 'इनेबल', संपलं. तेही पासवर्ड कूट करूनच ठेवतं. ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्या. याच नावाची भलतीसलती साधनं भरपूर फिरताहेत, आणि ज्या साधनाला आपण आपला पासवर्ड सांगणार ते कुठून आलं हे ठाऊक असायला हवं.

हे सगळं केल्यावरही तक्रार येते: "सकाळी विचारत नाही, पण जेवून आलो की विचारतो." कारण प्रश्न एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी आहे. सुरू होताना, झोपेतून उठताना आणि स्क्रीनसेव्हर लागल्यानंतर. वरची चौकट फक्त पहिला बंद करते. दुसऱ्यासाठी त्याच 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये 'इफ यू हॅव बीन अवे' अशी सुरुवात असलेला एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर 'नेव्हर' करायचं. तिसऱ्यासाठी स्क्रीनसेव्हरच्या खिडकीतली 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' ही खूण काढायची. माझं मत विचाराल तर पहिला बंद करावा आणि दुसरा चालू ठेवावा. आपण उठून गेलेलो असतो तेव्हाच तर तिसरा माणूस खुर्चीत बसतो.

मॅकवर 'यूझर्स अँड ग्रुप्स'मध्ये आपोआप आत जाण्याची सोय आहे, पण फाइलव्हॉल्ट चालू असेल तर ती मिळत नाही. ॲपलचं हे वागणं हेकट वाटतं, पण त्यामागे तर्क आहे: फाइलव्हॉल्टमध्ये डिस्कचं कूट तुमच्या पासवर्डनेच उलगडतं, तो न विचारता उलगडायचं तर कुटाला अर्थ राहत नाही. उबुंटूवर 'सेटिंग्ज'मधल्या 'यूझर्स'मध्ये 'ऑटोमॅटिक लॉगिन'चा खटका आहे. तो चालू केला की थेट डेस्कटॉप येतो आणि थोड्या वेळात कुठलासा प्रोग्राम 'कीरिंग'चा पासवर्ड मागतो. लोक वैतागतात, की बंद केलं तरी विचारतोच आहे. कीरिंग म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, एरवी ती तुमच्या लॉगिनच्या पासवर्डानेच उघडते. तो दिलाच नाहीत म्हणून वेगळा मागते. कीरिंगचाही पासवर्ड कोरा करा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानला तर ती पेटी उघडीच राहते. दिवसातून एकदा विचारतो, विचारू दे.

आता मूळ शंका. प्रश्न बंद केला तर संगणक किती उघडा पडतो? याचं उत्तर ऐकायच्या आधी हे कळायला हवं की प्रश्न चालू असतानाही तो किती बंद होता. लॉगिनचा पासवर्ड विंडोजला पटवायचा असतो. विंडोज सुरूच केलं नाही तर विचारणारं कोणी नाही. संगणकाची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, की डिस्कवरच्या फायली वाचता येतात. पासवर्ड सोळा अक्षरांचा असो की कोरा. दुरुस्तीच्या दुकानात "पासवर्ड विसरलो, पण फोटो हवेत" म्हटल्यावर फोटो मिळतात ते असेच. तेव्हा साध्या, कूट न केलेल्या डिस्कवर लॉगिनचा पासवर्ड फक्त खुर्चीत येऊन बसणाऱ्या माणसाला थांबवतो. चोराला, जाणकाराला नाही.

डिस्क खरोखर बंद ठेवायची तर तिच्यावरचा सगळा मजकूर कूट करावा लागतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होममध्ये बऱ्याच यंत्रांवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने मांडलेल्या संगणकावर ते आपोआप चालू होतं, पुष्कळांना न कळता. त्याची ४८ अंकी परतीची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. ती आजच जाऊन बघून, कागदावर उतरवून ठेवा. मदरबोर्ड बदलला की संगणक ती मागतो, आणि नसेल तर दुकानातला जाणकारही फोटो काढून देऊ शकत नाही.

डिस्क कूट केलेली आणि सुरुवातीचा प्रश्न बंद, अशी जोडी असेल तर? नुसती डिस्क काढून नेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण अख्खा संगणक उचलून नेला तर मदरबोर्डवरची टीपीएम ही चिप नेहमीसारखं डिस्कचं कूट उघडून देते, विंडोज न विचारता आत सोडतं, आणि चोर तुमच्या डेस्कटॉपवर बसलेला असतो. म्हणूनच ही सोय भिंतीजवळच्या टेबलावर केबलींच्या जंजाळात बसलेल्या डेस्कटॉपला शोभते. लोकलने, एसटीने, विमानाने फिरणाऱ्या लॅपटॉपला नाही. लॅपटॉपवर हा प्रश्न बंद करू नये, याला मी अपवाद मानत नाही. "घरीच असतो हो" म्हणणाऱ्यांचे लॅपटॉपही दिवाळीत गावाला जातात.

घरातल्या घरात आपण काय उघडं ठेवतो आहोत, याची मोजदाद मात्र प्रत्येकाने स्वतः करावी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर लग्नाचे फोटो, गाणी आणि मुलांचे प्रोजेक्ट असायचे. आज त्यावर जीमेल कायम उघडं असतं, आणि जीमेल हाती आलं की बाकीच्या बहुतेक जागांचे पासवर्ड 'फरगॉट पासवर्ड' दाबून बदलता येतात. व्हॉट्सॲप वेबही पुष्कळदा जोडलेलंच असतं. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं पडलेली असतात. त्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल, हेच त्याचं सूत्र आहे, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला ही दोन्ही ठाऊक असतात. अशा फायली उतरवल्या, काम झालं की पुसाव्यात, निदान डाउनलोड्समध्ये तरी ठेवू नयेत. मुलं संगणक वापरत असतील तर त्यांचं वेगळं, मर्यादित अधिकाराचं खातं करावं, आणि आपोआप आत जायचंच असेल तर ते त्या मर्यादित खात्याने. सगळ्या अधिकारांचं खातं पासवर्डामागे राहू द्या. नवीन प्रोग्राम चढवायचा झाला की विंडोज त्या खात्याचा पासवर्ड मागेल, आणि गेमच्या नावाखाली भलतंच काही चढवायला निघालेला नातू तिथे अडेल.

आपोआप आत जाण्याने खरी सोय होते अशा जागाही आहेत. मुलगा न्यू जर्सीत, आईवडील सांगलीत. त्यांच्या संगणकाला काही झालं तर मुलगा तिकडून दूरनियंत्रणाचा प्रोग्राम लावून बघतो. वीज जाते, येते. आईने बटण दाबलं की संगणक थेट डेस्कटॉपपर्यंत यावा, पासवर्डच्या पडद्यावर अडून बसू नये, ही मागणी रास्त आहे. घराबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवण्यापुरता ठेवलेला जुना संगणक असेल तर तिथेही प्रश्न हवा कशाला? ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना कॅपिटल अक्षरासाठी शिफ्ट दाबून धरणं जमत नाही, त्यांना रोज सकाळी तीनदा चुकवायला लावून आपण कसलीही सुरक्षितता मिळवत नाही. उलट कंटाळलेला माणूस तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो.

ज्यांना पूर्ण उघडं ठेवायचं नाही आणि लांबलचक पासवर्डही नको, त्यांच्यासाठी पिन आहे. चार आकडी पिन मोठ्या पासवर्डापेक्षा सुरक्षित कशी, ही शंका रास्त आहे. पिन फक्त त्याच यंत्रावर चालते. ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जात नाही, आणि टीपीएम असलेल्या यंत्रावर ती चिपच्या पहाऱ्यात असते, चुकीच्या पिन मारत गेलं की चिप दार लावून घेते. पासवर्डाचं तसं नाही. आजच्या विंडोज होममध्ये संगणकाचा पासवर्ड म्हणजे पुष्कळदा मायक्रोसॉफ्ट खात्याचाच पासवर्ड. तो कुणी खांद्यावरून वाचला तर त्याला तुमचा आउटलुक मेल आणि वनड्राइव्हवरचे फोटो जगाच्या पाठीवरून कुठूनही उघडता येतात, दुसरी पडताळणी लावलेली नसेल तर. पिन वाचली तर त्याला तुमच्या घरी यावं लागतं. बोटाचा ठसा घेणारी लहानशी यूएसबी चकतीही मिळते, आजोबांना ती पिनपेक्षाही सोपी जाते. मायक्रोसॉफ्टचा रोखही तिकडेच आहे: २०२१पासून खात्याचा पासवर्ड पूर्ण काढून टाकायची मुभा आहे आणि २०२५पासून नवी खाती मुळातच बिनपासवर्डाची बनतात. अशा खात्यावर वरची आठ अक्षरांची युक्ती चालत नाही, कारण कप्प्यात ठेवायला पासवर्डच नसतो. तिथे पिन किंवा ठसा हाच मार्ग, नाहीतर केवळ त्या संगणकापुरतं स्थानिक खातं.

प्रश्न बंद करण्याचा सर्वांत मोठा तोटा सुरक्षिततेशी संबंधित नाहीच. तो विसरण्याशी आहे. रोज टाकावा लागणारा पासवर्ड बोटांना पाठ असतो. टाकावाच लागला नाही तर वर्षभरात तो जातो, आणि आठवण येते ती नको त्या वेळी. दुसऱ्या कुणी सक्तीने तो पुसून नवा लावला, तर स्थानिक खात्यावर आणखी एक नुकसान होतं: विंडोज तुमच्या नावे जे कूट करून ठेवतं, त्यात ब्राउझरमधले साठवलेले पासवर्डही आले, ते जुन्या पासवर्डाशी बांधलेलं असतं. तुम्ही स्वतः जुना देऊन नवा लावलात तर सगळं सोबत येतं. बाहेरून पुसला तर ते हाती लागत नाही. म्हणून पासवर्ड कागदावर लिहा. हो, कागदावर. ब्रूस श्नायर यांच्यासारखे सुरक्षातज्ज्ञही हाच सल्ला २००५पासून देत आले आहेत: चांगला पासवर्ड निवडा, लिहा आणि पाकिटात पैशांशेजारी ठेवा. आपल्या घरात रेशन कार्ड, एलआयसीच्या पॉलिसी जिथे असतात त्या फायलीत हा कागद जाऊ दे. शेजारी त्या ४८ अंकांचाही.

तुमच्या घरच्या संगणकाचा 'पासवर्ड काढून' दिलेला असेल, तर तो कुठल्या प्रकारे काढला हे एका मिनिटात कळेल. विंडोज आणि एल दाबा, मग एंटर. पासवर्ड किंवा पिन मागितली, तर पासवर्ड जागेवर आहे आणि फक्त सुरुवातीचा प्रश्न बंद आहे. तसंच राहू द्या. काहीही न विचारता डेस्कटॉप आला, तर खातं कोरं आहे. 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधी त्याला पासवर्ड लावा, कागदावर उतरवा, आणि मग आठ अक्षरांच्या चौकटीतून प्रश्न पुन्हा बंद करा. आजोबांना फरक कळणारही नाही.